तुमच्या हिरोला पाहिजे काय होतं?

मित्रांनो, सुरुवात आमच्या एका फजितीपासून करतो. मागच्या गॅदरिंगला आम्ही होस्टेलच्या पोरांनी एक एकांकिका बसवली होती. लेखक तीन, दिग्दर्शक दोन आणि तालमीला वेळेवर येणारे चार! आमचा हिरो म्हणजे एकदम आदर्श माणूस. गरिबीतून वर आलेला, हुशार, आईवर जीव टाकणारा, अन्यायाविरुद्ध उभा राहणारा आणि शेवटी साडेचार मिनिटांचं भाषण ठोकणारा. भाषणाच्या तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्या हिरोचं नावसुद्धा कोणाला आठवत नव्हतं. आठवत होता तो वॉचमन. त्याचा रोल होता जेमतेम दोन मिनिटांचा, पण गेट लावताना तो दर वेळी एकदा बाहेर डोकावून 'कोणी राहिलं का?' असं विचारायचा.

मेसमध्ये वाढणारे आमचे काका ताटात पोळी टाकता टाकता म्हणाले, "नाटक चांगलं होतं जी. पन तुमच्या त्या हिरोले पाहिजे काय होतं?"

आम्ही तिघं लेखक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. उत्तर एकाकडेही नव्हतं.

त्या प्रश्नाने मी बराच काळ अस्वस्थ होतो. त्यातूनच हा लेख झाला. कथा-कादंबरीतली, नाटकातली काही माणसं आपल्या डोक्यात कायमची मुक्कामाला येतात आणि काही पडदा पडायच्या आत निघून जातात. असं का होतं? आम्ही काही साहित्याचे विद्यार्थी नाही, मेकॅनिकलवाले. तेव्हा उत्तर शोधलं तेही आपल्या पद्धतीने, म्हणजे लॅबमध्ये!

काकांची परीक्षा

काकांच्या प्रश्नाला हलकं समजू नका. आपलं नागरा गोंदियाला लागूनच आहे, आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली, धान निघालं की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. गोंदिया–चांदा फोर्ट लाइनवरचं वडसा हे या नाटक कंपन्यांचं माहेरघर. कुठे शंकरपट असला की दिवसा बैलजोड्या धावणार आणि रात्री नाटक होणार, हे ठरलेलंच. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पार पहाटेपर्यंत चालतं. थंडीत शाल, चादर, घोंगडी पांघरून म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून लेकुरवाळ्या बायांपर्यंत सगळे बसलेले असतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे बाहेरच्यांना झाडीपट्टीचं नाव कळलं. इथल्या माणसांना ते आधीपासूनच माहीत होतं.

सांगायचा मुद्दा असा, की काकांनी आयुष्यात आपल्या सगळ्यांच्या मिळून होतील त्यापेक्षा जास्त नाटकं बघितली आहेत. या प्रेक्षकाची परीक्षा साधी असते. सकाळी चहाच्या टपरीवर तो कोणाबद्दल बोलतो? 'संवाद छान होते' असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, 'त्या पोरीनं घर सोडाले नोको होतं.' म्हणजे रात्रीत ती पोरगी त्याच्या ओळखीची झालेली असते. तिने काय करायला पाहिजे होतं याचं त्याला स्वतःचं मत असतं. पात्र जिवंत झालं की नाही हे ओळखण्याची यापेक्षा चांगली खूण मला तरी माहीत नाही.

आधी हवं असणं, मग असणं

आमच्या हिरोचं काय चुकलं? त्याच्याकडे गुण भरपूर होते, पण हवं असं काहीच नव्हतं. गुणांची यादी म्हणजे बायोडाटा. बायोडाटा वाचून माणूस शॉर्टलिस्ट होतो, आवडत नाही.

आता आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' मधला लखोबा लोखंडे घ्या. 1962 सालचं नाटक. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणून कोर्टात उभा असलेला हा इसम निरनिराळी नावं आणि सोंगं घेऊन बायकांना फसवत आलेला आहे. प्रभाकर पणशीकर एकाच नाटकात त्याची पाच रूपं उभी करायचे. लखोबात चांगला म्हणावा असा एक गुण सापडत नाही. मग तो इतका का लक्षात राहतो? कारण त्याला काय हवं आहे हे पहिल्या मिनिटापासून स्वच्छ दिसतं. त्याला सुटायचं आहे! समोर पुरावा, समोर साक्षीदार, आणि हा शांतपणे सगळं नाकारतो. आता हा कसा निसटणार, याकडे आपण डोळे लावून बसतो. म्हणजे पात्र आवडायलाच पाहिजे असं काही नाही. त्याची ओढ आपल्याला समजली पाहिजे, मग आपण त्याच्या मागे जातो.

आमच्या वॉचमनचंही तेच झालं. कोणी बाहेर राहू नये, एवढीच त्याची छोटीशी इच्छा होती. आम्ही ती विचार करून टाकलीसुद्धा नव्हती, त्या नटाने तालमीत सहज टाकली होती. पण दोन मिनिटांत तो माणूस झाला आणि आमचा साडेचार मिनिटांचा हिरो खांबासारखा उभाच राहिला.

यूटीएमवर चढवा

आता आपल्या लॅबकडे वळू. सेकंड इयरला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी यूटीएमवर टेन्शन टेस्ट केलेली आहे. (ज्यांनी फक्त जर्नल कॉपी केलं त्यांनीही पुढचं वाचायला हरकत नाही.) माइल्ड स्टीलचा आणि कास्ट आयर्नचा तुकडा नुसता टेबलावर ठेवला तर त्यांच्या स्वभावातला फरक कळत नाही. भार द्यावा लागतो.

पात्राचंही अगदी असंच आहे. 'तो प्रामाणिक होता' हे वाक्य टेबलावरच्या तुकड्यासारखं आहे. प्रामाणिकपणाची किंमत मोजायची वेळ आली तेव्हा त्याने काय केलं, हे दाखवा. दोन हव्याशा गोष्टी समोर आहेत, मिळणार एकच, आणि एक उचलली की दुसरी कायमची जाणार. तिथे माणूस कळतो.

गडकऱ्यांचा 'एकच प्याला' आठवा. राम गणेश गडकरी आपल्या विदर्भातच, सावनेरला, 23 जानेवारी 1919 रोजी गेले. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं ते त्यानंतर, त्याच वर्षी, आणि सिंधूची भूमिका केली बालगंधर्वांनी. नाटकाचा नायक सुधाकर हुशार वकील आहे. हुशार आणि तितकाच मानी. कोर्टात अपमान होतो, सनद जाते, आणि मनाची आग विसरायला तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. इथे दारूपेक्षा महत्त्वाचा आहे तो अभिमान. ज्या ताठपणामुळे तो मोठा झाला, तोच ताठपणा अपमान पचवू देत नाही. गुण आणि दोष अशा दोन वेगळ्या याद्या नाहीत इथे. एकाच धातूची ती दोन टोकं आहेत.

आणि सुधाकर एकदम तुटत नाही, हे नीट लक्षात घ्या. तो सोडायचं ठरवतो, पुन्हा घसरतो. परत सावरायला जातो, परत घसरतो. माइल्ड स्टील तुटायच्या आधी लांबतं, मधे बारीक होतं, मान पडते, तसं. आपण ती मान पडताना बघत असतो आणि काही करू शकत नाही. त्या बघण्यातच सगळी ताकद आहे. कास्ट आयर्न कसलीही सूचना न देता फटकन तुटतं. आपल्या एकांकिकांमधली बहुतेक पात्रं कास्ट आयर्नची असतात. पहिल्या प्रवेशात सज्जन, दुसऱ्या प्रवेशात एकदम खुनी. प्रेक्षक म्हणतो, हे कधी झालं?

सिंधूचीही तीच कथा. ती सहनशील आहे हे नाटक नुसतं सांगत नाही. माहेरची मदत तिच्या हाताशी आहे, तरी ती नवऱ्याच्या घरी राहून दळण दळते. शेवटी नवऱ्याच्याच हातून मूल जातं, ती स्वतः मरणाच्या दारात असते, तरी त्याच्याविरुद्ध बोलत नाही. आजच्या मुलींना हे पटणार नाही, आणि पटूही नये. आमच्या वर्गात यावर जोरदार भांडण झालं. पण शंभर वर्षांपूर्वीच्या एका कल्पित बाईच्या निर्णयावर आज इंजिनियरिंगच्या मुली तावातावाने भांडतात, यातच ती बाई अजून जिवंत असल्याचं दिसतं. टपरीवरची परीक्षा ती पास झाली.

तसेच 'नटसम्राट' मधले आप्पासाहेब बेलवलकर. वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक 1970 च्या डिसेंबरात आलं, भूमिका डॉ. श्रीराम लागूंची. नाना पाटेकरांचा 2016 चा सिनेमा तर बहुतेकांनी बघितलेला असेल. रिटायर झालेला हा थोर नट सुरुवातीलाच आपलं सगळं मुलांना वाटून टाकतो. भार तिथेच पडला. देऊन टाकायचं ठरवलं खरं, पण रंगमंचावरचा राजा काही त्याच्या अंगातून उतरत नाही. घरातही तो नटच राहतो. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा, आणि म्हणूनच मुलांच्या चौकोनी घरात न मावणारा.

परत मूळ आकारात येणारे

इथे कोणीतरी हात वर करून म्हणेल, की सगळीच आवडती पात्रं काही तुटत नाहीत. बरोबर. आपला ग्राफ आठवा. इलॅस्टिक लिमिटच्या आत भार काढला की तुकडा मूळ आकारात येतो. त्याच्या पलीकडे गेला की भार काढला तरी थोडा वाक कायम राहतो. कथेतल्या माणसांचेही असे दोन प्रकार पडतात, असं मला वाटतं. सुधाकर आणि आप्पा दुसऱ्या प्रकारातले. त्यांना पहिल्यासारखं होता येत नाही. पहिल्या प्रकारात येतात ते मालिकावाले. चिं. वि. जोशींचे चिमणराव, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, परदेशातला शेरलॉक होम्स. गोष्ट संपली की हे परत जसेच्या तसे, पुढच्या गोष्टीला तयार.

ही इलॅस्टिक माणसं लक्षात राहतात ती त्यांच्या छापामुळे. फुरसुंगीचा बनेश फेणे म्हटलं की जिभेचा तो 'ट्टॉक' आवाज आलाच. पण नुसता आवाज पुरत नाही, नाहीतर आपल्या वर्गात रोज 'ट्टॉक' करणारे दहा जण आहेत. फेण्याच्या आवाजामागे त्याचं कुतूहल आहे. संकट दिसलं की त्याला पळून जाता येत नाही, उलट त्याचे पाय तिकडेच धावतात. सवय ही आतल्या ओढीची बाहेर दिसणारी खूण असेल तरच टिकते. आतलं काही नसेल तर तो नुसता तकियाकलाम.

दुसरी युक्ती म्हणजे जोडी. चिमणराव भित्रा, काडीपैलवान कारकून. त्याच्या शेजारी दांडगा गुंड्याभाऊ उभा केला की दोघंही ठळक होतात. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी दूरदर्शनवर ही जोडी केली. आपल्या आईवडिलांना विचारा, त्यांना अजून आठवेल. एकट्या चिमणरावाचा भित्रेपणा मोजायचा कशाने? गुंड्याभाऊ ही त्याची फूटपट्टी आहे. वॉटसन नसता तर होम्सची हुशारी कोणाच्या तोंडून कळली असती?

होम्सची तर वेगळीच गंमत. कॉनन डॉयल या पात्राला इतका कंटाळला की 1893 साली त्याने त्याला धबधब्यात टाकून मारलं. वाचक भडकले. शेवटी 1903 मध्ये लेखकाला त्याला परत जिवंत करावं लागलं. पात्र एकदा लोकांच्या ओळखीचं झालं, की ते पूर्णपणे लेखकाच्या मालकीचं राहत नाही.

आपल्यातलाच एक

होस्टेलवाल्यांनी एक पुस्तक तरी वाचावंच, ते म्हणजे भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला'. 1963 सालची कादंबरी. पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातल्या खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला येतो. होस्टेल, मेस, गॅदरिंग, उधारी, मित्र, परीक्षा, सगळं आपलंच. उत्साहाने कारभार अंगावर घेतो आणि हात पोळून घेतो. मधेच धाकटी बहीण मनी जाते. शेवटी डिग्री न घेताच तो गावी परततो. बक्षीस नाही, भाषण नाही, विजय नाही. काकांचा प्रश्न त्याला विचारला, तर त्याच्याकडेही धड उत्तर नसेल. पण आपल्याला नक्की काय हवंय, हेच त्याला शोधायचं आहे. शोधताना तो सगळ्यांची थट्टा करतो, आणि स्वतःची सगळ्यात जास्त. मनीच्या मृत्यूपाशी मात्र ती थट्टा गळून पडते. तोपर्यंत हसत वाचणारा आपला हात तिथे थांबतो.

पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ति आणि वल्ली' या पुस्तकातही हेच. रत्नागिरीचा अंतू बर्वा तिरकस बोलून सगळ्यांना सोलून काढतो. आपण हसतो. मग हळूहळू लक्षात येतं, की या तिरकसपणाखाली एकटेपणा आणि दारिद्र्य झाकलेलं आहे. अंतू नुसता विनोदी म्हातारा असता तर एका दुपारपुरता राहिला असता. 1965 चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला तो काही फक्त हशांसाठी नव्हे.

आणि आमचा 'घासू'

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या फसलेल्या एकांकिकेत आम्ही एक 'घासू'ही टाकला होता. जाड चष्मा, काखेत पुस्तक, रात्री दोन वाजता कॉरिडॉरच्या ट्यूबखाली येरझारा. आमच्याच मजल्यावरच्या एका मित्राची ती हुबेहूब नक्कल होती. हॉल हसला. तो मित्र चौथ्या रांगेत बसला होता. तोही हसला, पण मधेच उठून गेला.

काकांच्या प्रश्नानंतर एकांकिका परत लिहायला बसलो, तेव्हा वाटलं, याच्याबद्दल आपल्याला चष्म्याशिवाय काय माहीत आहे? शेवटी त्यालाच जाऊन विचारलं. आधी माफी मागितली, मग विचारलं. तो म्हणाला, धाकट्या बहिणीची बारावी झाली आहे. याचं शिक्षण एक वर्ष लांबलं तर घरून तिच्या ॲडमिशनचं जमणार नाही. त्याचे दोन विषय राहिले होते. रूममेटची झोप मोडू नये म्हणून तो कॉरिडॉरमध्ये वाचायचा.

मग मला आठवलं. मॅथ्सच्या आदल्या रात्री आम्ही चौघं त्याच्या दारात गेलो होतो. त्याने आम्हाला पहाटे दोनपर्यंत शिकवलं. सकाळी त्याचाही बॅकलॉगचा पेपर होता, हे त्याने सांगितलं नाही. आम्ही चौघं सुटलो. त्याचा तो पेपर राहिला.

बघा, सगळं मटेरियल आमच्या कॉरिडॉरमध्ये होतं. ओढ होती, भार होता, दोन हव्याशा गोष्टींमधली निवड होती, मोजलेली किंमत होती. आम्ही मात्र चष्मा उचलला आणि माणूस तिथेच ठेवला. एका शब्दात माणसाला गुंडाळणं, घासू, चमकू, बावळट, हे लिहिताना आळस असतो आणि रोजच्या जगण्यात अन्याय असतो. दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात. समोरच्याला काय हवंय, हे आपण विचारतच नाही.

त्याच्या परवानगीने, नाव-गाव बदलून, आम्ही नवीन एकांकिका लिहिली. आदर्श हिरो काढून टाकला. भाषण गेलं. वॉचमन ठेवला. मधल्या प्रवेशात एक मुलगा दार उघडतो, समोर चार जण वह्या घेऊन उभे असतात. तो आधी हातातल्या पुस्तकाकडे बघतो, मग त्यांच्याकडे. दोन-तीन सेकंद काही बोलत नाही. मग म्हणतो, 'या आत.' बस्स, एवढंच. होस्टेल डेला मेसच्याच हॉलमध्ये प्रयोग केला. 'या आत' नंतर एकही शिट्टी आली नाही.

यंदाच्या गॅदरिंगसाठी लिहायला बसणाऱ्या ज्युनियर्सना एवढंच सांगतो. पात्राचे गुण लिहायच्या आधी त्याला काय हवंय ते लिहा. ते मिळवायला काय गमवावं लागेल ते लिहा. मग त्याला यूटीएमवर चढवा, भार हळूहळू वाढवा, आणि घाईने तोडू नका. लकब शेवटी, तीही आतून आलेली असेल तरच. आणि मॉडेल शोधायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, आपला कॉरिडॉर पुरे आहे. फक्त ज्याच्यावरून लिहाल त्याला आधी विचारा.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी मेसमध्ये ताट घेऊन उभा होतो. काकांनी पोळी वाढली, वरण वाढलं. नाटक चांगलं होतं, वाईट होतं, काहीच बोलले नाहीत. मी पुढे सरकलो तेव्हा मागून आवाज आला.

"मंग त्या पोराचा पेपर निंगाला का जी?"

नाटकातल्या मुलाचा पेपर! तो पुढचा भाग आम्ही लिहिलेलाच नव्हता. मी म्हटलं, "काका, विचार करून सांगतो."